पोकळी वाहून नेणारीं द्रव्यें

शिरूरच्या अथवा दौंडच्या तहसील कचेरीबाहेर सकाळीं अकराच्या सुमारास उभें राहिलें, तर एक दृश्य हटकून दृष्टीस पडतें. सातबाऱ्याचा उतारा, शिधापत्रिका, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला असलीं कागदपत्रें हातांत घेऊन माणसें झेरॉक्सच्या टपरीपुढें ताटकळत असतात. यंत्राच्या कांचेखालून प्रकाशाची एक पट्टी सरकते, आंत एक नळकांडें फिरतें आणि ऊनऊन प्रत बाहेर पडते. त्या नळकांड्याकडे कोणाचें लक्ष जाण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच्या पाठीवर केसाच्या जाडीहूनहि पातळ असा जो पारदर्शक लेप असतो, त्याची कुळकथा मोठी विलक्षण आहे. त्या लेपांत विरघळविलेल्या द्रव्याच्या जातीचींच द्रव्यें आजच्या अत्यंत किंमती दूरदर्शन-पडद्यांच्या आणि खिशांतील मोबाइलच्या पोटांत बसलेलीं आहेत. आणि त्या पडद्यांना वीज किती लागावी व त्यांचें आयुष्य किती असावें, हें ठरविण्यांत त्यांचा वांटा फार मोठा आहे.

या पडद्यांना सेंद्रिय प्रकाशोत्सर्जक डायोडांचे पडदे, किंवा आद्याक्षरांवरून ‘ओलेड’ पडदे, म्हणतात. जुन्या पडद्यामागें दिवा असे आणि पुढचा पडदा त्याचा प्रकाश अडवी किंवा सोडी. ओलेड पडद्यांत मागें दिवाच नसतो. त्याचा प्रत्येक बिंदु स्वतः उजळतो आणि जेथें उजळावयाचें नसेल तेथें खरोखरच अंधार राहतो. त्याची रचना सांगावयास सोपी आहे. कांचेवर इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडाचा पारदर्शक थर, हें धनाग्र. सर्वांत वर धातूचें ऋणाग्र. आणि दोहोंच्या मध्यें कोळसा-डांबराच्या कुळांतील सेंद्रिय द्रव्यांचे अतिशय पातळ थर. ऋणाग्राकडून इलेक्ट्रॉन येतात, धनाग्राकडून ‘पोकळ्या’ येतात, मधल्या थरांत त्यांची गांठ पडते आणि त्या भेटींतून प्रकाश निघतो. पैकीं पोकळ्यांना गांठीच्या ठिकाणापर्यंत सुखरूप पोहोंचविणारा जो थर, त्याच्या द्रव्यांचा हा इतिहास आहे.

पोकळी ही वस्तु नव्हे. एका वस्तूच्या अभावाचें तें नांव आहे. मग अभाव वाहून नेणें म्हणजे काय? भरल्या पंगतीची कल्पना करावी. डाव्या टोकाचा मनुष्य कांहीं निमित्तानें उठून गेला. त्याचा शेजारी सरकून त्या पाटावर बसला. शेजाऱ्याच्या रिकाम्या पाटावर पुढचा सरकला. आणि असें करीत करीत सारी पंगत हालली. प्रत्येक मनुष्य केवळ एकच पाट सरकला, आणि तोहि डावीकडे. परंतु दुरून पाहणाऱ्याला दिसलें तें असें, कीं एक रिकामा पाट उजवीकडे चालत गेला. धातूंत व अर्धसंवाहकांत इलेक्ट्रॉनांच्या भरल्या पंगतींत हेंच घडतें. १८७९ सालीं हॉल यानें शोधिलेल्या परिणामांत कांहीं धातु उलटें चिन्ह कां दाखवितात, जणूं धनभारच त्यांतून वाहतो असें कां भासतें, हें कोडें पन्नास वर्षें पडून होतें. १९२९ सालीं पायर्ल्स यानें आणि १९३१ सालीं हायझेनबर्ग यानें तें उलगडलें. रिकाम्या पाटालाच धनभाराचा कण मानून हिशेब केला तर तो बरोबर जुळतो, असें दिसून आलें. तेव्हांपासून पोकळीला विज्ञानांत स्वतंत्र व्यक्तित्व मिळालें.

या पोकळीला उपयोगाची पहिली मोठी नोकरी मिळाली ती मात्र दिव्यांत नव्हे, नकलेच्या यंत्रांत. चेस्टर कार्लसन हा एका कारखान्याच्या पेटंट-विभागांत काम करणारा गृहस्थ कागदांच्या प्रती काढून काढून कंटाळला होता. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागांतील एका भाड्याच्या खोलींत त्यानें व त्याचा साहाय्यक ऑटो कोर्नाई यानें गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा हातरुमालानें घांसून विद्युद्भारित केला, त्यावर तारीख व स्थळ लिहिलेली कांच ठेवून दिव्याचा प्रकाश पाडला, आणि वरून बारीक पूड भुरभुरविली. जेथें प्रकाश पडला तेथील भार निघून गेला होता. अक्षरांच्या छायेंत तो राहिला होता आणि पूड तेथेंच चिकटली. झेरॉक्सचें सारें तत्त्व या एका पत्र्यांत आहे. पुढें रॉचेस्टर येथील हॅलॉइड नांवाच्या लहानशा कंपनीनें ही कल्पना उचलली, गंधकाच्या जागीं सेलेनियम आलें, आणि १९५९ सालीं ‘९१४’ हें यंत्र बाजारांत आलें. त्याचें यश एवढें, कीं कंपनीनें आपलें नांवच बदलून झेरॉक्स करून घेतलें. आणि आपल्याकडे तर तें नांव क्रियेचेंच झालें.

सेलेनियम उत्तम असलें तरी महाग आणि विषारी. सेंद्रिय द्रव्य वापरतां आलें तर तें रंगासारखें फासतां येईल, वांकवितां येईल, असा विचार कारखानदारांच्या मनांत घोळूं लागला. १९७० सालीं आय.बी.एम.नें आपल्या यंत्रांत असें सेंद्रिय द्रव्य प्रथम आणलें. १९७५ सालीं कोडॅकच्या यंत्रांतहि तें आलें. याच सुमारास एक महत्त्वाची कामाची वांटणी झाली. प्रकाश शोषून भार निर्माण करणें हें एका थराचें काम, आणि तो भार पृष्ठापर्यंत वाहून नेणें हें दुसऱ्याचें, असे दोन थर वेगळे करण्यांत आले. या दुसऱ्या थराला प्रकाशाशीं कर्तव्य नाहीं. त्यानें पारदर्शक राहावें आणि पोकळ्या झटपट पलीकडे पोंचवाव्या, एवढीच अपेक्षा. वाहकाला केवळ वाहकाचेंच काम ठेवावें, ही युक्ति पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे.

या कामासाठीं सर्वांत सरस ठरलीं तीं त्रिवलयी अमाइनें. अमोनियाच्या रेणूंत एका नायट्रोजनाभोंवती तीन हायड्रोजन असतात. ते तिन्ही काढून त्यांच्या जागीं बेंझिनचीं तीन वलयें बसविलीं, कीं त्रिवलयी अमाइन झालें. अशा रेणूंतील नायट्रोजनापाशीं इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते आणि ती तिन्ही वलयांत पसरलेली असते. त्यामुळें हा रेणु एक इलेक्ट्रॉन सहज देऊं शकतो, आणि तो दिल्यानें स्वतः मोडून पडत नाहीं. शेजाऱ्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन पुन्हां पूर्ववत् होतो. पंगतींतल्या भाषेंत बोलावयाचें तर, हा पाट सोडतांना कुरकुरत नाहीं आणि पाट बदलल्यानें आजारीहि पडत नाहीं. १९८४ सालीं झेरॉक्सच्या प्रयोगशाळेंतील स्टोल्का, यानस आणि दामोदर पै या तिघांनीं अशा एका द्वि-अमाइनाचा (पुढें तें ‘टीपीडी’ या नांवानें प्रसिद्धीस आलें) पॉलिकार्बोनेटमध्यें विरघळविलेला लेप पोकळ्या किती वेगानें वाहतो, याचीं मापनें प्रसिद्ध केलीं. तिसऱ्या नांवापाशीं कोंकण-गोव्याकडील वाचक क्षणभर थबकेल. याच पै यांनीं एन्क या सहकाऱ्याबरोबर १९७५ सालीं सेलेनियममध्यें प्रकाशानें भार कसा निर्माण होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे जुन्या द्रव्याचा आणि नव्याचा, दोन्हींचा अभ्यास त्यांच्या हातून झाला.

इकडे सेंद्रिय द्रव्यांतून विजेनें प्रकाश काढण्याचे प्रयत्न अगदीं वेगळ्या वाटेनें चालले होते. १९५३ च्या सुमारास फ्रान्समध्यें नान्सी येथें बर्नानोज यानें रंगद्रव्यें घातलेल्या पातळ पापुद्र्यांना प्रत्यावर्ती विद्युत् दाब देऊन त्यांना उजळविलें. १९६३ सालीं न्यूयॉर्कमध्यें पोप व त्याच्या सहकाऱ्यांनीं अँथ्रासीन या डांबरजन्य द्रव्याच्या स्फटिकांतून प्रकाश काढला. परंतु त्यासाठीं सुमारें ४०० व्होल्टांचा दाब लागला. १९६५ सालीं हेल्फ्रिख व श्नायडर यांनीं कॅनडांत दाखवून दिलें, कीं एका बाजूनें इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूनें पोकळ्या आंत सोडल्या म्हणजे त्यांच्या मीलनांतून प्रकाश निघतो. तत्त्व हातीं आलें, पण दिवा हातीं आला नाहीं. स्फटिक जाड, दाब प्रचंड, आणि दोन्ही भारांना एकाच द्रव्यांतून प्रवास करावा लागे. त्यांतला एक लवकर पोंचे, दुसरा वाटेंतच राही. आणि लवकर पोंचणारा न भेटतांच पलीकडच्या अग्रांत निघून जाई.

दोन वाटा एकत्र आल्या त्या रॉचेस्टर शहरांत, आणि हा केवळ योगायोग म्हणतां येणार नाहीं. झेरॉक्स तेथलीच, तिची प्रयोगशाळा शेजारच्या वेब्स्टर गांवीं. आणि कोडॅकचें तर तें माहेरच. हाँगकाँगमध्यें १९४७ सालीं जन्मलेला चिंग तांग १९७५ सालीं कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन कोडॅकमध्यें दाखल झाला तेव्हां त्याला काम दिलें गेलें तें दिव्याचें नव्हे, सूर्यप्रकाशापासून वीज काढणाऱ्या सेंद्रिय घटाचें. दोन भिन्न द्रव्यांचे पातळ थर एकावर एक दिले तर घट चांगला चालतो, हें त्याला तेथें उमगलें. मग त्यानें हीच कल्पना उलटी फिरविली. घटांत प्रकाश घालून वीज निघते, तर दोन थरांत वीज घालून प्रकाश कां निघूं नये? १९८२ सालीं त्याला या प्रकारच्या दिव्याचें पेटंट मिळालें, आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या सहकाऱ्याबरोबर त्यानें १९८७ सालीं तो सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला.

त्या निबंधांतला दिवा असा होता. धनाग्रावर ७५ नॅनोमीटर जाडीचा द्वि-अमाइनाचा थर. त्यावर ६० नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिनेटाचा थर. त्यावर मॅग्नेशियम व चांदी यांच्या मिश्रणाचें ऋणाग्र. दोन्ही सेंद्रिय थर मिळून जाडी केसाच्या पांचशेव्या भागाच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिनेट हें रसायनशाळेंतील विद्यार्थ्यांना परिचित द्रव्य. द्रावणांत अ‍ॅल्युमिनियम किती आहे हें तोलून काढावयाचें झालें, कीं त्याचा पिंवळा गाळ पाडीत. तें हिरवें चमकतें हेंहि ठाऊक होतें. अमाइन हें नकलेच्या यंत्रांच्या कुळांतलें. दोन्ही द्रव्यें जुनीं, जोडणी मात्र नवी. १० व्होल्टांहून कमी दाबावर चौरस मीटरला १००० कँडेलांहून अधिक उजेड पडला, आणि शंभर इलेक्ट्रॉनांमागें सुमारें एक प्रकाशकण बाहेर आला. चारशें व्होल्टांवरून दहा व्होल्ट! विजेऱ्यांवर चालेल असा दिवा झाला.

या यशाचें श्रेय चमकणाऱ्या थराला देण्याचा मोह होतो, परंतु तें न्यायाचें नव्हे. अमाइनाच्या थरानें येथें एकाच वेळीं तीन कामें केलीं. त्यानें धनाग्रापासून पोकळ्या सहज उचलल्या, कारण त्याची पायरी धनाग्राच्या पायरीला जवळ होती. त्यानें त्या वेगानें सीमेपर्यंत नेल्या. आणि तिसरें काम सर्वांत महत्त्वाचें: पलीकडून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांना त्यानें सीमेवरच अडविलें, कारण इलेक्ट्रॉनाला अमाइनांत शिरण्यासाठीं चढावी लागणारी पायरी फारच उंच आहे. त्यामुळें पाहुणे दारांतच थांबले आणि भेट ठरल्या जागीं, सीमेलगतच्या ऑक्सिनेटांत, झाली. पुढच्याच वर्षीं जपानांत क्यूशू विद्यापीठांतील अडाची, त्सुत्सुई व सायतो यांनीं इलेक्ट्रॉनांसाठींहि वेगळा वाहक-थर देऊन तीन थरांचा दिवा केला. कामाची वांटणी पूर्ण झाली.

पण हे दिवे टिकत नसत. त्यांचें आयुष्य तासांत मोजावें लागे. पडद्यावर काळे ठिपके पडत, उजेड उतरत जाई, आणि त्याच उजेडासाठीं अधिकाधिक दाब लागे. ओल आणि हवा ही कारणें होतींच. तीं दूर केल्यावरहि एक दुखणें शिल्लक राहिलें, आणि तें पोकळी-वाहकाच्या अंगचें होतें.

हें दुखणें समजावून घ्यावयास भीमा आणि घोड यांच्या खोऱ्याइतकी योग्य जागा नाहीं. दौंड तालुक्यांत पाटसला आणि शिरूर तालुक्यांत न्हावऱ्याला साखरेचे सहकारी कारखाने उभारले गेले. तेथील रसायनज्ञाचें सारें कौशल्य एकाच गोष्टींत खर्च होतें, तें म्हणजे पाकांतून दाणा पडावा. त्यासाठीं तो निर्वात कढईंत पाक आटवितो, बारीक दाण्याचें बी सोडतो आणि तो एकसारखा वाढविण्याची खटपट करतो. घरांतील गृहिणीची चिंता नेमकी उलट. तिचा पाक साखरूं नये, यासाठीं ती त्यांत लिंबाचे चार थेंब पिळते. आम्लानें साखरेच्या कांहीं रेणूंचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, आणि त्या सरमिसळींत रेणूंना ओळीनें बसून दाणा धरतां येत नाहीं. ओलेडचा रसायनज्ञ कारखान्याच्या बाजूचा नसून गृहिणीच्या बाजूचा आहे. त्याला अमाइनाचा थर कांचेसारखा, विस्कळित पण सलग हवा असतो. त्यांत दाणा धरला, कीं दाण्यांच्या फटी पडतात, थर खडबडीत होतो, वरच्या थरापासून सुटतो आणि तेवढा भाग काळा पडतो. झेरॉक्सच्या नळकांड्यावर हें संकट नव्हतें, कारण तेथें अमाइन पॉलिकार्बोनेटमध्यें विरघळलेलें असे आणि तें बहुवारिक त्याला ओळीनें बसूं देत नसे. दिव्यांत मात्र तें निर्वातांत वाफ करून एकटेंच बसविलेलें. तेथें तें आपल्या मूळ स्वभावावर गेलें.

कांचेसारखा घट्ट थर ज्या तापमानाला मऊ पडून त्यांतील रेणु हालूं-सरकूं लागतात, त्याला कांच-संक्रमण तापमान म्हणतात. टीपीडीच्या बाबतींत तें सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड आहे. हा आंकडा उगाच लहान वाटत नाहीं; तो खरोखरच लहान आहे. दिवा चालूं असतां स्वतःच तापतो, आणि वैशाखांत उन्हांत बंद उभ्या असलेल्या मोटारीचा पुढचा फळा त्याहूनहि तापूं शकतो. मोटारीचें उदाहरण काल्पनिक नव्हे: ओलेडचा पहिला व्यापारी पडदा १९९७ सालीं पायोनियर या जपानी कंपनीनें काढला, तो मोटारींतील ध्वनियंत्राचाच होता.

औषध दोन दिशांनीं शोधलें गेलें. ओसाका विद्यापीठांतील यासुहिको शिरोता यानें रेणूचा आकारच असा करावयाचें ठरविलें, कीं त्याला ओळींत बसतांच येऊं नये. मध्यें एक गाभा आणि त्यापासून तिन्ही बाजूंना फुटलेल्या अवजड फांद्या, अशा तारकाकृति अमाइनांची एक मालिकाच त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तयार केली. त्यांतील कांहींचें संक्रमण-तापमान १५० अंशांच्या घरांत गेलें. गोल घडे रचतां येतात, काटेरी करवंदीच्या फांद्या रचतां येत नाहींत. तत्त्व इतकें साधें होतें. शिरोता याचें काम पुस्तकी ओलेडकथांतून एका ओळींत आटोपलें जातें, हें बरोबर नाहीं. ‘दाणा न धरणारें’ सेंद्रिय द्रव्य मुद्दाम घडवितां येतें, ही शिस्त त्यानें घालून दिली.

दुसरी दिशा कोडॅकची, आणि ती अधिक काटकसरीची. टीपीडीच्या टोकांना मेथिल जोडलेलीं साधीं वलयें असतात. व्हॅन स्लाइक, चेन व तांग यांनीं त्यांच्या जागीं नॅफ्थलीनचीं जोडवलयें बसविलीं. नॅफ्थलीन म्हणजे कपाटांत कपड्यांमध्यें ठेवण्याची डांबरगोळी ज्याची होते तें. एवढ्या बदलानें संक्रमण-तापमान ९५ अंशांच्या पुढें गेलें, आणि पोकळी वाहण्याचा गुण तसाच राहिला. या द्रव्याला ‘एनपीबी’ म्हणतात. त्याच्या व धनाग्राच्या मध्यें त्यांनीं तांब्याच्या थॅलोसायनीनाचा, म्हणजे छपाईच्या निळ्या शाईंत असतें त्या रंगद्रव्याचा, एक पातळ थर दिला. पोकळी धनाग्रांतून बाहेर पडण्याची पहिली पायरी त्यानें पक्की झाली. विजेचा प्रवाह एकदिश न ठेवतां उलटसुलट दिला. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत चौरस मीटरला ५१० कँडेला उजेडापासून आरंभ करून तो निम्म्यावर येण्यास सुमारें ४००० तास लागले. रोज पांच तास दिवा लावणाऱ्या घराच्या हिशेबानें हीं दोन वर्षांहून अधिक होतात. येथपर्यंत जें एक चमत्कारिक यंत्र होतें, तें येथून पुढें विकण्याजोगी वस्तु झालें.

तथापि एक गोष्ट अद्याप कळावयाची होती, आणि ती कळली तेव्हां सर्वांच्या समजुतीला धक्का बसला. पोकळ्या जितक्या वेगानें वाहतील तितका दिवा चांगला, असें सारे धरून चालले होते. एनपीबीमध्यें पोकळीचा वेग ऑक्सिनेटांतील इलेक्ट्रॉनाच्या वेगाच्या शंभरपटीच्या घरांत असतो. १९९९ सालीं झेरॉक्सच्याच कॅनडांतील केंद्रांत हानी अझीझ व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें, कीं जास्तीच्या पोकळ्या ऑक्सिनेटाच्या थरांत घुसून त्याच्या रेणूंना इलेक्ट्रॉनहीन करतात, आणि ते रेणु ही अवस्था सोसूं शकत नाहींत. ते बिघडतात व उजेड खाऊं लागतात. म्हणजे वाहक फार कार्यक्षम असणें हाच रोग ठरला. तेव्हांपासून वाहकाचा वेग वाढविण्यापेक्षां दोन्ही बाजूंचा तोल सांभाळण्याकडे, पोकळ्यांना जरा रोखून धरण्याकडे, कल झाला. निळ्या रंगाच्या दिव्यांत तर संकट आणखी निराळें: तेथें ऊर्जा इतकी मोठी असते, कीं अमाइनांतील कार्बन व नायट्रोजन यांचा बंधच तुटूं शकतो. लाल आणि हिरवा दीर्घायुषी, निळा अल्पायुषी, हें दुखणें पुष्कळ अंशीं तेथूनहि येतें, आणि तें अजून पुरतें बरें झालेलें नाहीं.

इतिहासाची एक गंमत येथेंच सांगितली पाहिजे. १९९८ सालीं फॉरेस्ट व थॉम्प्सन यांच्या गटानें जड धातूंच्या संयुगांचा उपयोग करून भेटींतील वायां जाणारा तीन-चतुर्थांश भागहि प्रकाशांत आणण्याचा मार्ग दाखविला. या नव्या दिव्यांत वाहक-थरानें चमकणाऱ्या थराची ऊर्जा चोरूं नये, ही अट आली. एनपीबी निळ्याच्या बाबतींत या अटीला उतरत नाहीं. जें उतरतें, त्यांतील एक प्रमुख द्रव्य म्हणजे तांग व व्हॅन स्लाइक यांच्या १९८७ च्या पहिल्या दिव्यांतलेंच द्वि-अमाइन. टिकाऊपणांत मागें पडून अडगळींत गेलेलें तें द्रव्य निळ्या दिव्यांच्या प्रयोगांत पुन्हां मानानें परत आलें.

कोडॅकच्या घरीं मात्र लक्ष्मी राहिली नाहीं. २००३ सालीं तिनें ओलेड पडद्याचा कॅमेरा काढला. २००७ सालीं सोनीनें अकरा इंची दूरदर्शन संच काढला. पण ज्या फिल्मवर कोडॅकचा संसार उभा होता ती फिल्मच बाजारांतून उठत चालली होती. २००९ सालच्या डिसेंबरांत कंपनीनें आपला ओलेडचा सारा व्यवसाय पेटंटांसह कोरियाच्या एलजी समूहाला विकला, आणि २०१२ च्या जानेवारींत दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच वर्षीं एलजीनें ५५ इंची ओलेड दूरदर्शन संच बाजारांत आणला. ज्यांनीं पोकळीला वाट करून दिली त्यांच्या हातीं विक्रीची किंमत उरली.

एलजीचें नांव शिरूर तालुक्याला अपरिचित नाहीं. महागणपतीमुळें अष्टविनायकांच्या यात्रेंत ज्याची गणना होते, त्या रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतींत या कंपनीचा भारतांतील दुसरा कारखाना आहे. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारनें याच रांजणगांवच्या तिसऱ्या टप्प्यांत २९७.११ एकरांवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनाची स्वतंत्र वसाहत वसविण्यास मान्यता दिली. खर्चाचा अंदाज ४९२.८५ कोटी रुपयांचा. परंतु ओलेडचा उजळणारा पत्रा, ज्यांत निर्वातांत थरावर थर बसविले जातात, तो एलजी समूहानें घडविला तो कोरियांत पाजू येथें आणि चीनमध्यें ग्वांगझौ येथें. जोडणीचा कारखाना आणि पत्र्याचा कारखाना यांत मोठें अंतर आहे, आणि तें मैलांत मोजण्याजोगें नाहीं.

दुसऱ्या टोकाला दौंड तालुक्यांतील कुरकुंभ. तेथील रसायनांच्या वसाहतींत अल्किल अमाइन्स या कंपनीचा कारखाना आहे आणि नांवाप्रमाणेंच तेथें अमाइनें होतात. तेव्हां एका तालुक्यांत अमाइन आणि शेजारच्या तालुक्यांत पडद्यांचे संच, मग अडलें कोठें, असा प्रश्न कोणासहि पडेल. अडलें तें रेणूच्या रचनेंत. कुरकुंभच्या अमाइनांत नायट्रोजनाला साध्या कार्बन-शृंखला जोडलेल्या असतात. औषधें, शेतीचीं रसायनें अशा शेंकडों कामांना तीं हवींच असतात. पण अशा अमाइनानें एक इलेक्ट्रॉन दिला, कीं शेजारच्या कार्बनावरील हायड्रोजन सुटतो आणि रेणु मोडतो. त्याला पाट सोडतां येतो, परत बसतां येत नाहीं. पोकळी वाहावयास तिन्ही बाजूंना वलयेंच हवींत, आणि वलयाला नायट्रोजन जोडणें ही सोपी गोष्ट नव्हे. १९०६ सालीं इर्मा गोल्डबर्ग या विदुषीनें तांब्याच्या साहाय्यानें ती करून दाखविली. १९९५ च्या सुमारास बुखवाल्ड व हार्टविग यांनीं पॅलेडियमच्या साहाय्यानें तीच क्रिया सौम्य व बिनचूक केली, आणि त्यानंतरच हव्या त्या आकाराचीं अमाइनें सहजपणें होऊं लागलीं. तयार झालेलें द्रव्य निर्वातांत पुनःपुन्हां वाफ करून व गोठवून शुद्ध करावें लागतें. क्रियेंतून मागें राहिलेला ब्रोमिनचा लेशहि दिव्याचें आयुष्य तोडतो. औषधाला जी शुद्धता पुरेशी, ती येथें पुरत नाहीं.

ज्ञान महाराष्ट्रांत नव्हतें असें नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील रवि किशोर, नरसिंहन् व पेरियासामी यांनीं २००३ सालीं ऑक्सिनेटाच्या पातळ थरांतील प्रकाश किती वेळ टिकतो व किती निपजतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नागपूरचे थेजो कल्याणी व ढोबळे यांनीं २०१२ सालीं दिवाबत्तीसाठीं ओलेड या विषयाचा विस्तृत आढावा घेतला. प्रयोगशाळेंत एक चिमूटभर द्रव्य पुरतें. कारखान्याला तें किलोंनीं, आणि प्रत्येक वेळीं अगदीं तेवढेंच शुद्ध, लागतें. या दोहोंच्या मधली जी पायरी रॉचेस्टरमध्यें नकलेच्या यंत्रांनीं बांधून दिली होती, ती आपल्याकडे कोणी बांधली नाहीं. आपण झेरॉक्सचीं यंत्रें तालुक्या-तालुक्याला नेलीं. नळकांड्यावरचा लेप मात्र कधीं उकलून पाहिला नाहीं.

तहसील कचेरीबाहेरच्या टपरींत तें नळकांडें हजारों प्रती काढून झिजतें. प्रतींवर काळ्या रेघा येऊं लागल्या, कीं टपरीवाला तें काढून टाकतो आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, काळ्या कागदांत गुंडाळलेलें, नवें बसवितो. काळा कागद अशासाठीं, कीं उजेड लागला तर पोकळ्या वेळेआधींच चालूं लागतील.